डावखुऱ्याची रायफल: एका लिव्हर-अ‍ॅक्शनच्या खरेदीचं प्रकरण

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मावसभावाचा फोन आला. "दादा, हरणाच्या शिकारीला जुन्या घाटाची लिव्हर-अ‍ॅक्शन घ्यायचीय. विंचेस्टर घेऊ की मार्लिन?" लिव्हर-अ‍ॅक्शन म्हणजे चापाभोवतीची कडी खाली-वर करून पुढचं काडतूस भरायची रायफल, आणि ही दोन तिच्या जुन्या कंपन्यांची नावं.

पिट्सबर्गच्या आसपास राहून मला वीस वर्षं होत आली. त्यातली बारा मी दर नोव्हेंबरला जंगलात काढली आहेत, आणि माझ्या कपाटात मार्लिन 336 आहे. उत्तर ओठांवर होतं, ते गिळलं. एवढ्या वर्षांत मी ज्यांना ज्यांना रायफल सुचवली, त्यातल्या निम्म्यांनी ती दोन हंगामांत विकली. तेव्हा या वेळी ठरवलं, आधी माणूस बघायचा, मग जंगल, आणि शेवटी रायफल. चार महिने त्यात गेले. त्याने शेवटी जी घेतली ती ना विंचेस्टर, ना मार्लिन. मला ती आजही पूर्ण पटलेली नाही, पण त्याचा हिशेब मला खोडता आलेला नाही.

माणूस आणि जंगल

भाऊ 47 वर्षांचा आहे. उंची बेताची, चष्मा दुहेरी नंबरचा, आणि पक्का डावखुरा. इथे आल्यावर बरीच वर्षं विसावर होता. कामाच्या विसावरच्या माणसाने बंदूक बाळगण्याला अमेरिकेत एरवी मनाई असते. वैध शिकार-परवाना हा त्यातला एक अपवाद. पण त्या अपवादाच्या भानगडीत तो पडला नाही. ग्रीन कार्ड हातात आल्यावरच राज्याचा शिकारी-प्रशिक्षणाचा वर्ग केला (पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला तो सक्तीचाच आहे), परवाना काढला आणि मग मला फोन केला.

बंदूक त्याला अगदीच परकी नव्हती. कुडाळजवळच्या आजोळी आजोबांकडे पिकाच्या राखणीच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. आम्ही पोरं तिच्याजवळ गेलो की आजोबा डोळे वटारायचे. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली, आणि बंदूक ही आमच्या पिढीला फक्त भिंतीवर दिसली. ही खरेदी चालू असताना मावशीने फोनवर विचारलं, "काय रे मेल्या, आता हरणां मारूक जातंस?" भाऊ गडबडला. मी फोन घेऊन तिला सांगितलं की पेनसिल्व्हेनियात अलीकडच्या हंगामांत वर्षाला चार लाखांवर हरणं शिकारी टिपतात आणि तरी वसंतात ती लोकांच्या परसातली ट्यूलिप खातात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथे हरीण जवळजवळ संपलं होतं. 1895 मध्ये राज्याने गेम कमिशन (शिकारीचं खातं) नेमलं, शिकारीला लगाम घातला, पुढे दुसऱ्या राज्यांतून हरणं आणून सोडली. आता ती इतकी झाली आहेत की जंगलात नवं झाड वर येऊ देत नाहीत. मावशीला हे कितपत पटलं कोण जाणे. "मग शिजवतंस कसां?" हा तिचा पुढचा प्रश्न होता.

जंगल म्हणजे अ‍ॅलेगेनी नॅशनल फॉरेस्टच्या कडेचा एका मित्राचा तुकडा. हेमलॉकची दाट झाडी, खाली कमरेएवढं माउंटन लॉरेल, मधून लाकूडतोडीचा एक जुना रस्ता. जुलैमध्ये आम्ही दोघं अंतर मोजायचं यंत्र घेऊन तिथल्या तिन्ही मचाणांवर चढलो आणि हरीण जिथून येऊ शकेल अशी प्रत्येक मोकळी फट मोजली. 38 यार्ड, 52 यार्ड, 70 यार्ड. सगळ्यात लांबची फट त्या रस्त्यावरची, 95. शंभराच्या पुढे एकही नाही. यार्ड म्हणजे मीटरपेक्षा वीतभरही कमी नाही, जवळपास तेवढाच. म्हणजे हे सगळं क्रिकेटच्या मैदानात मावणारं काम होतं.

त्या संध्याकाळी मी वहीत लिहिलं: शंभर यार्ड, उभ्याने किंवा मचाणावर बसून, पहाटे आणि तिन्हीसांजेला.

लिव्हरच का

इथे बरेच जण म्हणतील, बोल्ट-अ‍ॅक्शन घ्या, म्हणजे बाजूची मूठ मागे-पुढे सरकवून काडतूस भरायची. स्वस्त, नेमकी, भक्कम. बरोबर आहे. पण बोल्टची मूठ उजवीकडे असते. डावखुऱ्याला प्रत्येक गोळीनंतर हात दस्त्यावरून काढून रायफलच्या डोक्यावरून पलीकडे न्यावा लागतो. डावखुऱ्यांसाठी बनवलेल्या बोल्ट मिळतात, पण मोजक्या, आणि वापरलेल्या तर क्वचितच. अर्धस्वयंचलित, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल आमच्या राज्यात हरणाला चालत नाही. राहिली लिव्हर. चापाभोवतीची कडी खाली ढकलायची, वर ओढायची. ती रायफलच्या पोटाखाली असल्यामुळे तिला डावं-उजवं नसतं. भावाला लिव्हर आवडायचं कारण लहानपणी पाहिलेले काउबॉयचे सिनेमे होतं, हे त्याने नंतर कबूल केलं. पण त्याच्या हाताला ती खरोखरच सोयीची होती. आवड आणि गरज एका जागी भेटली की मी वाद घालत नाही.

काडतुसाचा प्रश्न मी दहा मिनिटांत मिटवला, कारण तिथे फार काही नाही. थर्टी-थर्टी. नळीचा व्यास इंचाचा तीस शतांश, आणि मूळ भरणी तीस ग्रेन धूरविरहित दारूची, म्हणून हे नाव. (ग्रेन हे दारूचं आणि गोळीचं वजन मोजायचं बारीक माप.) ते 1895 मध्ये बाजारात आलं, गेम कमिशन नेमलं गेलं त्याच वर्षी. 150 ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला साधारण 2,390 फुटांनी सुटते, 170 ची 2,200 ने. शेजारी .308 हे दुसरं काडतूस ठेवलं तर त्याची 150 ग्रेनची गोळी 2,820 ने जाते, म्हणजे कागदावर थर्टी-थर्टी म्हातारी दिसते. शंभर यार्डांवर नेम बांधला तर दोनशेवर तिची गोळी आठ-नऊ इंच खाली येते. पण आमच्या वहीत दोनशे यार्ड नव्हतेच. धक्का सोसवणारा, काडतूस कुठल्याही गावच्या दुकानात मिळणारं. .35 रेमिंग्टन मला मनातून जास्त आवडते, पण तिची काडतुसं शोधत फिरावं लागतं. .45-70 हे अस्वलाचं काम आहे. घरात लहान मुलं हे मांस खाणार, म्हणून शिशाऐवजी तांब्याची गोळी घ्यायची, एवढं मात्र भावाने स्वतःच ठरवलं, आणि ते योग्यच केलं. शिशाची गोळी फुटली की तिचे कण मांसात पसरतात.

अशा बहुतेक रायफलींत गोळी सुटायच्या नळीखाली काडतुसांची दुसरी नळी असते. तिच्यात काडतुसं एकामागे एक, तोंडाला बूड लावून झोपलेली असतात. टोकदार गोळी असेल तर धक्क्याने तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठोका बसला की पेटणाऱ्या टोपीवर आपटून आतच बार उडू शकतो. म्हणून अशा रायफलीच्या गोळीचं नाक चपटं असतं. गेल्या वीसेक वर्षांत रबरासारख्या मऊ टोकाच्या गोळ्याही निघाल्या आहेत. त्या लांबवर बऱ्या जातात, पण पुन्हा तेच, आम्हाला लांब जायचंच नव्हतं.

उमेदवार

पहिली, शेजारच्या आजोबांची विंचेस्टर 94. हे आजोबा पोलादाच्या गिरणीतून निवृत्त झालेले, आता गुडघे गेल्यामुळे जंगल सुटलं. रायफल पन्नासच्या दशकातली. त्या काळातल्या विंचेस्टरला इथे "चौसष्टच्या आधीची" म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली आणतात. 1964 मध्ये कंपनीने खर्च वाचवायला बांधणी बदलली, ठोकून-तासून केलेल्या काही भागांच्या जागी पत्र्याचे दाबलेले भाग आले, आणि जुन्यांचा भाव जो चढला तो उतरलाच नाही. मूळ आराखडा जॉन ब्राउनिंगचा. सत्तर लाखांहून अधिक बनल्या. हातात घेतली की कळतं का. पावणेसात पौंडाच्या आत, चपटी, मधोमध मुठीत धरली की काठीसारखी तोलते. आजोबांनी किंमत सांगितली सातशे डॉलर, आणि म्हणाले, विकत नाहीये, घरात देतोय.

दुसरी, माझी लाडकी, मार्लिन 336. हिचा वरचा भाग बंद असतो, रिकामं काडतूस उजव्या बाजूने बाहेर पडतं, म्हणून वर दुर्बीण सरळ बसते. 1948 पासूनचं मॉडेल. रेमिंग्टनने कंपनी घेतल्यावर आणि कनेक्टिकटमधला कारखाना बंद केल्यावर मधल्या काही वर्षांच्या मार्लिन हलक्या दर्जाच्या निघाल्याची ओरड झाली. म्हणून जुनी घेताना लोक नळीवर जुन्या कारखान्याचा "जेएम" छाप शोधतात. 2020 मध्ये रेमिंग्टनचं दिवाळं निघालं, तेव्हा रुगरने मार्लिन उचलली आणि 2023 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातून नवी 336 क्लासिक काढली. या नव्या बनावटीबद्दल मला तक्रार नाही. बाराशे डॉलरच्या वर मोजायची तयारी मात्र हवी.

तिसरी एक दुकानात दिसली आणि भाऊ तिच्याभोवतीच घुटमळायला लागला: सॅव्हेज 99. बाहेर घोडा (काडतूस पेटवणाऱ्या पिनेवर आपटणारा हातोडा) नाही, काडतुसांच्या नळीऐवजी आत फिरती चक्री, त्यामुळे टोकदार गोळीही चालते. 1899 चं डोकं, पण आज सुचल्यासारखं. जुन्या 99 च्या डाव्या अंगाला एक छोटी खिडकी असते, तिच्यात पितळेच्या चकतीवर आत किती काडतुसं उरली ते आकड्यात दिसतं. भाऊ दोन मिनिटं त्या खिडकीकडेच बघत होता. तेव्हा मला ते पोरकटपणाचं वाटलं. त्या नगाचा दस्ता मानेपाशी तडकला होता, काडतूस .300 सॅव्हेज, जे आता सगळीकडे मिळत नाही, आणि मॉडेल बंद होऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली. हात जोडून बाहेर आलो.

हेन्री मी यादीत धरलीच नव्हती. नाव 1860 च्या हेन्री रायफलीचं, पण आजची कंपनी नव्वदच्या दशकात ब्रुकलिनमध्ये निघालेली. जुन्या घराण्याशी नावापुरतंच नातं. मी भावाला म्हणालो, पाटी जुनी आणि दुकान नवं.

कागदी ताटल्या

हरणाच्या छातीतली हृदय-फुप्फुसांची जागा साधारण आठ इंच व्यासाची धरतात. म्हणून आम्ही वाढदिवसाच्या आठ इंची कागदी ताटल्या घेतल्या आणि गेम कमिशनच्या रेंजवर गेलो. 75 यार्ड, उभ्याने, आधार नाही. बाकावर वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून एका नाण्यात तीन छिद्रं पाडणारे पुष्कळ भेटतात, पण जंगलात बाक कोणी टाकून ठेवत नाही.

आजोबांच्या विंचेस्टरने भावाच्या दहातल्या चार गोळ्या ताटलीत गेल्या. तो वरमला. मी त्याला विचारलं, दिसतंय काय? म्हणाला, "मागची खाच विरघळल्यासारखी दिसते. तिच्याकडे बघितलं की माशी जाते, माशीकडे बघितलं की ताटली जाते." (माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा पुढचा नेम.) चाळिशीनंतरचा डोळा तो. खाच हातभरावर, माशी त्याच्याही पुढे, ताटली 75 यार्डांवर. तीन अंतरं एकदम स्पष्ट पाहणं पंचविशीतल्या डोळ्यालाही जमत नाही, तो फक्त भरभर उड्या मारतो. सत्तेचाळिशीतला उडी मारत नाही.

आजोबा गाडीतून एक डबी घेऊन आले. आत भोकाचा नेम होता, रिसीव्हरच्या, म्हणजे रायफलीच्या यंत्राच्या मधल्या पोलादी भागाच्या, मागच्या अंगाला स्क्रूने बसणारा. त्या काळातल्या बऱ्याच विंचेस्टरना त्यासाठी कंपनीनेच भोकं पाडलेली असतात. पंधरा मिनिटांत बसला. यात मागच्या भोकाकडे बघायचं नसतं, त्यातून बघायचं असतं; डोळा आपोआप मध्य पकडतो. शिवाय बारीक भोकातून जवळचं-लांबचं दोन्ही जरा स्पष्ट होतं, चष्मा नसताना मूठ वळून तिच्या फटीतून वाचतात तसं. दहापैकी आठ.

मग माझी मार्लिन, 1 ते 4 पट दुर्बिणीची. दहापैकी नऊ. मी काही बोललो नाही, पण चेहऱ्यावर आलं असणार.

जुन्या विंचेस्टरला दुर्बीण का नाही, हा प्रश्न कुणीही विचारेल. ती रिकामं काडतूस थेट वर फेकते; दुर्बीण मधोमध लावली तर ते तिच्यावर आपटणार. कंपनीने कोनातून फेकणारी बांधणी ऐंशीच्या दशकात आणली. आजोबांच्या रायफलीला बाजूला सरकवून दुर्बीण लावता आली असती, पण ते म्हणजे नऊवारीवर कोट घालण्यातला प्रकार. गंमत अशी की डावखुऱ्याला खरी सोयीची विंचेस्टरच. डावखुऱ्याचा गाल दस्त्याच्या उजव्या अंगाला असतो, आणि मार्लिनचं काडतूस त्याच अंगाने, चेहऱ्यासमोरून उडतं. भावाला पहिल्या दोन गोळ्यांना ते खटकलं, नंतर विसरला. चष्मा होताच.

प्रकाशाचा सवाल उरला होता. शिकार सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत चालते, आणि हरणं नेमकी त्या दोन टोकांना हलतात. रेंज सूर्यास्ताला बंद होते, म्हणून कॅम्पवर रायफली रिकाम्या करून, लिव्हर उघडून एकमेकांना दाखवून, 60 यार्डांवर तपकिरी पुठ्ठा टांगला आणि नुसतं बघत बसलो. भोकाचा नेम सूर्यास्तानंतर दहा मिनिटांत काळा पडला. आतली चकती काढून भोक मोठं केलं तर आणखी पाच-सात मिनिटं निघाली. दुर्बिणीतून पुठ्ठा वेळ संपेपर्यंत दिसत होता.

झालं, मार्लिन, असं मी मनात म्हटलं.

सहावं काडतूस

त्याच रेंजवर घडलेला एक प्रसंग मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण सगळं प्रकरण तिथे वळलं.

निघायच्या आधी आजोबांनी भावाला विंचेस्टर रिकामी करायला सांगितली. त्याने सहा भरली होती, उडवली एकही नव्हती. या रायफली रिकाम्या करायच्या म्हणजे लिव्हर चालवत एकेक काडतूस पुढे आणून बाहेर टाकायचं. दुसरा रस्ता नाही. भावाने लिव्हर चालवली, काडतुसं बाकावर टपटप पडली. पाच. लिव्हर पुन्हा चालवली, काही नाही. पुन्हा, काही नाही. रायफल रिकामी म्हणून त्याने ठेवायला घेतली.

आजोबा खुर्चीतून म्हणाले, "अजून एक आहे."

त्यांनी रायफल घेतली, नळी गोळीबाराच्या दिशेला धरली, दस्ता तळहातावर दोनदा आपटला. आत काहीतरी सरकल्याचा बारीक आवाज आला. लिव्हर चालवली, सहावं काडतूस बाहेर. काडतुसांच्या नळीत त्यांना स्प्रिंगच्या जोरावर मागे ढकलणारी टोपी गंजाने अडकली होती. आजोबा काही झालंच नसल्यासारखे म्हणाले, पंचावन्न वर्षं झाली, ती कधीकधी अशी करते, म्हणून मी मोजतो.

भाऊ गाडीत अर्धा तास गप्प होता. मी त्याला समजावलं: नळी उघडून साफ केली की हे जातं, आणि मार्लिन तर नवीच घ्यायची. तो म्हणाला, "दादा, साफसफाईचा प्रश्न नाही. हात गारठलेले, अंधार पडलेला, प्रत्येक काडतूस घोड्यासमोरून न्यायचं, आणि संपली की नाही ते अंदाजाने." मग जरा थांबून म्हणाला, "सॅव्हेजला खिडकी होती."

पुढच्या खेपेला शेजारच्या बाकावर एक बाई आपल्या नातीला घेऊन आल्या होत्या. त्यांच्याकडे हेन्री थर्टी-थर्टी, बाजूने भरायचं दार असलेली. आवरताना त्यांनी लिव्हर उघडली, आतलं काडतूस बाहेर पडलं, लिव्हर उघडीच ठेवली. मग काडतुसांच्या नळीच्या टोकाची गाठ फिरवून आतली पितळी नळी ओढून काढली आणि रायफल तिरपी केली. काडतुसं घरंगळत नातीच्या लोकरी टोपीत पडली. नातीने मोजली. मग लिव्हर एकदा मिटून-उघडून मधलं अडकलेलं एक बाहेर काढलं, तेही मोजलं. भावाने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या पद्धतीवर माझा एक आक्षेप आहे आणि तो मी तेव्हाही मांडला. नळी काढताना हात रायफलीच्या तोंडाजवळ जातो. जुन्या हेन्री तर भरायच्याही तिथूनच, आणि मला ते कधी आवडलं नाही. बाजूचं दार आल्यापासून भरणं तरी सुटलं. रिकामी करताना लिव्हर उघडी असेल तर बार उडू शकत नाही, हे खरं; पण "लिव्हर आधी" हा क्रम माणसाच्या हातात बसलेला असला पाहिजे. भाऊ म्हणाला, "क्रम पाठ करता येतो. न दिसणारं काडतूस पाठ करता येत नाही."

घोड्याचीही एक बाजू होती. जुन्या विंचेस्टरला सुरक्षा म्हणजे अर्ध्यावर चढवलेला घोडा, बस्स. चढवलेला घोडा अंगठ्याने हळू खाली सोडताना, हातमोजा घातलेला असताना, अंगठा निसटला की बार. नव्या मार्लिनला सुरक्षेची आडवी खुंटी आहे. हेन्रीला खुंटी नाही. घोडा आणि पिनेच्या मध्ये एक पट्टी आहे, ती चाप पूर्ण मागे ओढलेला असेल तरच वर येते. यात मला मार्लिन उजवी वाटते, भावाला हेन्री. दोघांनीही एकमेकांचं ऐकून घेतलं आणि आपापल्या जागी राहिलो.

खरेदी

सप्टेंबरमध्ये दुकानात जाऊन फॉर्म भरला, राज्य पोलिसांची तपासणी झाली, आणि हेन्री घरी आली. साधी निळसर पोलादाची, 20 इंची नळी, सुमारे सात पौंड. पितळेची चकाकणारी घेऊ नकोस एवढं माझं त्याने ऐकलं; ती जड असते आणि हातात घेतल्यावर लग्नाच्या बँडमधली वाटते. वर 1 ते 4 पट दुर्बीण, शक्य तितक्या बुटक्या कड्यांवर. या रायफलींचा दस्ता साध्या नेमासाठी उतरता केलेला असतो. दुर्बीण उंच लावली की गाल टेकत नाही आणि मान ताणून नेम धरावा लागतो. दुर्बिणीखाली घोडा हाताला लागेना, म्हणून त्याला आडवा खुंट लावला. तो कुठल्याही बाजूला बसतो. भावाने डावीकडे बसवला.

दुर्बिणीने एक गोष्ट गेली, तिचं मला अजून वाईट वाटतं. लिव्हर-अ‍ॅक्शन मधोमध एका मुठीत धरून चालायचं सुख. नेमकी तिथेच आता दुर्बीण आहे.

आजोबांची विंचेस्टर शेवटी मी घेतली. नळी उघडली तर आत अर्धा चमचा गंज निघाला.

थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार

रायफल हंगामाचा पहिला दिवस. पूर्वी तो सोमवारी असायचा आणि इथल्या खेड्यांत शाळांना सुट्टी मिळायची. 2019 पासून शनिवारी सुरू होतो. पहाटे उणे सहा. डोक्यावर, छातीवर, पाठीवर मिळून 250 चौरस इंच भडक नारिंगी हवं असा नियम आहे. भाऊ गणपतीच्या मिरवणुकीतल्या ताशेवाल्यासारखा दिसत होता.

सकाळी काही नाही. संध्याकाळी रस्त्यावरच्या 95 यार्डांच्या फटीत एक नर आला. इथे बहुतेक भागांत प्रौढ शिकाऱ्याला शिंगाच्या एका बाजूला किमान तीन टोकं मोजता आल्याशिवाय नरावर गोळी झाडता येत नाही. भावाने रायफल मांडीवरच ठेवली आणि गळ्यातली दुर्बीण डोळ्याला लावली. रायफलीच्या दुर्बिणीने काय आहे ते बघायचं नाही, कारण तिच्यातून बघणं म्हणजे रोखणं, आणि पलीकडे माणूस निघू शकतो. हे मी त्याला शंभरदा सांगितलं होतं. दोन टोकं त्याला स्पष्ट दिसली, तिसरं फांदी होतं की शिंग, कळेना. नर चालत लॉरेलमध्ये शिरला.

रविवारी दुपारी बर्फ भुरभुरत होतं. 52 यार्डांच्या फटीत मादी आली, तिचा परवाना खिशात होता. मी पलीकडच्या मचाणावर होतो. एक बार ऐकला, मग लिव्हरचा आवाज, मग शांतता. मादी चाळीस पावलांवर पडली. तिच्या कानाला टॅग बांधेपर्यंत त्याचे हात थरथरत होते. थंडीने म्हणाला.

खाली गाडीपाशी आलो तेव्हा उजेड संपत आला होता. भरलेली बंदूक गाडीत ठेवता येत नाही. त्याने हातमोजे दाताने काढले, नळी उताराकडे केली, लिव्हर उघडली. एक बाहेर पडलं. लिव्हर उघडीच ठेवून पितळी नळी ओढली, रायफल तिरपी केली. नारिंगी टोपीत दोन पडली. लिव्हर मिटून पुन्हा उघडली, आणखी एक. पाच भरली होती. चार समोर, एक रिकामं खिशात.

तरीही त्याने करंगळी चेंबरमध्ये घालून बघितली.